आगाऊ रक्कम भरण्याआधी मुलाची तपासणी

पत्र:
मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. आधी वेप ओढायचा, दीड वर्षापासून गांजा. वर्षभरात कॉलेज सुटलं, खोलीतून बाहेर येत नाही, रात्र रात्र जागा असतो. गेल्या महिन्यात मनगटाच्या वर ब्लेडच्या खुणा दिसल्या. विचारलं तर म्हणाला, खेळताना लागलं. एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस म्हणतो, सहा महिने ठेवू, महिन्याला ४५ हजार, तीन महिन्यांचे आधी भरा. आमची माणसं पहाटे येऊन त्याला घेऊन जातील, पहिले दोन महिने भेट नाही. मिस्टरांच्या कंपनीचा पाच लाखांचा आरोग्यविमा आहे, पण केंद्र म्हणतं विमा चालत नाही. मिस्टर म्हणतात, दवाखान्यात गांजाचं नाव काढलं तर पोलीस केस होईल. दागिने मोडायची माझी तयारी आहे. काय करू?
— एक आई

उत्तर:
ताई, दागिने कपाटातच राहू द्या. त्या माणसाला एक रुपयाही आगाऊ देऊ नका आणि पहाटे कोणाला घरी बोलावू नका. तुमच्या मुलाला उपचार हवेत आणि लवकर हवेत, पण पहिली गरज खाटेची नाही, तपासणीची आहे. गांजामुळे तो खचला आहे, की आधीच खचलेल्या मनाला त्याने गांजाचा टेकू दिला आहे, की दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत आहेत, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. ते न पाहता जो सहा महिने सांगतो, तो तुमच्या मुलाबद्दल काही सांगत नाही. त्याच्याकडे विकायला काय आहे, तेवढंच सांगतो.

आजचं काम मात्र गांजाचं नाही, त्या खुणांचं आहे. संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "मी रागावलेले नाही. तुला जगणं नको वाटतं का? मरून जावं असा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. बहुतेक मुलांना कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून हायसं वाटतं. तो "हो" म्हणाला, कसं करायचं हेही त्याने ठरवलेलं असेल, किंवा तो काहीच न बोलता नुसता रडत राहिला, तर सकाळची वाट बघू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच रात्री न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तोवर त्याला एकटं सोडू नका. उत्तर "नाही" आलं तरी ब्लेड, घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या, उंदराचं औषध, शेतीचं कीटकनाशक असं सगळं आजच कुलूपबंद करा. अशा वेळचा ओढा पुष्कळदा काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत साधन हाताशी नसलं की जीव वाचतो.

काय बोलावं ते सुचत नसेल तर १४४१६ लावा. ही टेलि-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन. चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशक आधी तुमचं ऐकून घेतो आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. व्यसनासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. सरकारी अनुदानावर चालणारी जवळची केंद्रं तिथून कळतात. दोन्हीकडे नाव सांगण्याची सक्ती नाही.

गांजा सोडवण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अशी केंद्रं इथेच पालकांना घाबरवतात. गांजा बंद केला की पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, घाम सुरू होतो. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. मुलगा त्रासतो, घर हैराण होतं, पण केवळ गांजा थांबवल्याने जिवाला धोका होत नाही. म्हणून फक्त "शरीर साफ करायला" महिनेच्या महिने कोंडून ठेवायचं कारण नाही. गांजाच्या व्यसनावर म्हणून मान्यता मिळालेली गोळीही अजून नाही, तेव्हा "इंजेक्शन देऊन सोडवतो" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. दारू आणि झोपेच्या किंवा अल्प्राझोलामसारख्या चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. रोजची दारू किंवा रोजच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करायचं असतं. त्यामुळे गांजाबरोबर आणखी काही घेतो का, हे डॉक्टरला कळायलाच हवं. खोकल्याचं औषध, पेनकिलर, व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगणं, हेही त्यात आलं.

आता जायचं कुठे. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा जवळ सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथली मानसोपचार ओपीडी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात. ती सगळी सगळीकडे भरलेली नसतात, म्हणून जाण्याआधी फोन करून ओपीडीचा वार आणि त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आहेत ना, हे विचारून घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून इथे हे विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला घाबरू नका, तिथेही ओपीडी असते आणि तपासून घरी सोडतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं. व्यसनोपचाराची तिथे अपेक्षा ठेवू नका, पण मोठ्या रुग्णालयात जायला तयार नसलेलं मूल तिथे पहिल्यांदा बोलतं आणि पुढची चिठ्ठी मिळते.

खासगीत जायचं ठरलं तर कोण कोण आहे हे ओळखा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. निदान आणि औषध त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. तो क्रमांक मागायला संकोच करू नका. नुसती "काउन्सेलर" ही पाटी कोणीही लावू शकतो. काही फार चांगलं काम करतात, पण हातावर खुणा असलेल्या मुलाची सुरुवात तिथून करायची नसते.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर तारखांनिशी लिहून न्या: गांजा कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, पैसे कुठून येतात, झोप किती, वजन घटलं का, मार्क कधी घसरले, खुणा कधी दिसल्या, आणि घराण्यात कोणाला वेड, नैराश्य, व्यसन किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का. हा शेवटचा प्रश्न लपवू नका. रक्ताच्या नात्यात गंभीर मानसिक आजार असेल तर कोवळ्या वयातला गांजा भास-भ्रमाचा आजार लवकर उघडा पाडू शकतो, आणि डॉक्टरचा पुढचा रस्ता त्यावरून बदलतो. मुलगा एकटा बोलत असताना तुम्ही बाहेर बसा. डॉक्टरने त्याला एकट्याला वेळ दिलाच नाही, तर तुम्हीच मागा. आईसमोर कोणताही सोळा वर्षांचा मुलगा खरा आकडा सांगत नाही.

नैराश्य आणि व्यसन, दोन्हींवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत. "आधी गांजा सोड, मग नैराश्याचं बघू" असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. जे दुखतंय ते तसंच ठेवलं की मूल पुन्हा गांजाकडेच वळतं. साधारण चित्र असं: आठवड्यातून एकदा सायकॉलॉजिस्टबरोबर विचार आणि वागणूक यांवरची थेरपी, बारा ते सोळा सत्रं. त्यात अधूनमधून आई-वडिलांना बोलावणं. गरज असेल तर नैराश्याची गोळी, आणि पहिले काही महिने वरचेवर डॉक्टरची भेट. गोळीचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "फरक नाही" म्हणून ती बंद करणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पंचविशीच्या आतल्या काही मुलांत नैराश्याची गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, एकेक हातात द्या आणि बेचैनी वाढली की त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. लघवीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हाच करा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा महिनाभरसुद्धा दिसू शकतो, त्यामुळे पंधरा दिवस खरोखर हात न लावलेला मुलगा खोटा ठरतो आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

दाखल कधी करायचं? जिवाला धोका असेल, भास होत असतील, दारू किंवा गोळ्या एकदम सुटण्याचा त्रास असेल, किंवा बाहेरून केलेले उपचार मनापासून करूनही निष्फळ ठरले असतील तर. हे फक्त आमचं मत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम ८७ ही दाखल करणं हा शेवटचा पर्याय मानतं, आणि दारू किंवा अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं. त्यासाठी पालकाचा अर्ज लागतो. एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्याच्या जोडीला दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय डॉक्टर, अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. बाहेर राहून होणारे उपचार फसले आहेत किंवा उघडच लागू पडणार नाहीत, असं दोघांचंही मत व्हावं लागतं. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. मुलगा तिथे असेपर्यंत पालकाने, किंवा नेमलेल्या सोबत्याने, त्याच्याबरोबर राहायचं असतं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीण बाईच हवी. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि मुक्काम तीस दिवसांपलीकडे गेला तर मंडळ त्याची तपासणी करतं. पालकाने पाठिंबा काढून घेतला की मुलाला सोडावं लागतं.

आता त्या केंद्राचं बोलणं यापुढे ठेवून पाहा. न तपासता सहा महिने, पहाटे उचलून नेणं, दोन महिने भेट बंद. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच कायद्यात बसत नाही. त्यांच्याकडून किंवा इतर कुठल्याही केंद्राकडून पाच गोष्टी लेखी मागा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी, रोज किंवा ठरलेल्या दिवशी येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, अल्पवयीन मुलांची वेगळी सोय, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार ते, आणि पावतीसह खर्चाचा तपशील, त्यातच मुलगा मध्येच घरी आला तर पैसे परत करण्याची अट. शिवाय आत जाऊन राहण्याची जागा आणि संडास-बाथरूम बघा. साखळीने बांधणं, एकट्याला कोंडणं, जबरदस्तीने डोकं भादरणं, फुकट राबवून घेणं या सगळ्याला हा कायदा मनाई करतो. आणि कोणी "चहात मिसळायची पावडर" दिली तर घेऊ नका. दारू सोडवण्याची एक गोळी अशी चोरून दिली जाते. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो.

पैशांकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथे केसपेपर आणि चाचण्यांचं थोडं शुल्क पडू शकतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना सरकारी मानसोपचार मोफत मिळणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. खासगी सायकॉलॉजिस्टची एका सत्राची फी विचारा आणि तिला सोळाने गुणा. तो आकडा दोन लाख सत्तर हजारांच्या शेजारी ठेवला की निर्णय सोपा होईल. आमच्या मते तुमच्यासारख्या घरासाठी बरा मेळ असा: निदान आणि औषध सरकारी रुग्णालयातून, साठवलेला पैसा थेरपीसाठी, आणि तो वर्षभर पुरेल असा बेतलेला. पहिल्या महिन्यातच सगळं संपवणाऱ्या घरांकडे सहाव्या महिन्यात घसरण झाली की काही उरत नाही, आणि घसरण होणं या आजारात नवलाचं नसतं.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जावं लागलं तर लक्षात ठेवा: सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन, दाखल होण्याआधी, तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी मागितलेली सवलत मिळवणं फार कठीण जातं. कोणत्याही सरकारी योजनेसाठीही तेच: रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाला, आधी विचारा, या निदानासाठी इथे पॅकेज लागू आहे का. आणि मिस्टरांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल, तर मुलावर ईएसआय रुग्णालयात उपचार होतात.

आता विमा. केंद्राचा माणूस अर्धं खरं बोलला. २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकाच विमा द्यायचा, आणि विमा नियामकाने कंपन्यांना ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या पॉलिसी तशा करायला सांगितलं होतं. म्हणजे तीव्र नैराश्यासाठी, आत्महत्येच्या धोक्यासाठी रुग्णालयात दाखल होणं विम्यात बसतं. पण पॉलिसीतल्या प्रमाणित अपवादांत बारा क्रमांकाचा एक अपवाद आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम. बहुतेक दावे इथे अडतात. डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत फक्त "गांजाचं व्यसन" लिहिलेलं असलं, तर नैराश्यामुळे दाखल झालेल्या मुलाचाही दावा फेटाळला जातो.

यावर गांजाचा उल्लेख गाळायला सांगणं हा उपाय नाही. तसं कधी करू नका, माहिती लपवली म्हणून सगळाच दावा बुडू शकतो आणि पुढच्या डॉक्टरची दिशाभूल होते ती वेगळीच. डॉक्टरला एवढंच विचारा की दाखल करण्याचं मुख्य कारण कोणतं. ते नैराश्य आणि जिवाचा धोका असेल, तर ते पहिलं निदान म्हणून, लक्षणांसह, स्वतंत्र लिहिलेलं असावं आणि व्यसन दुसरं. बिलातही ज्या चाचण्या आणि सत्रं व्यसनाची, ती वेगळी दाखवायला सांगा. जागेचाही प्रश्न असतो. स्थानिक नोंदणी नसेल तर दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या गावात किमान दहा खाटा आणि मोठ्या शहरात पंधरा, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका असल्या तरच विम्याच्या लेखी ते रुग्णालय. बरीच केंद्रं त्यात बसत नाहीत. ओपीडी आणि थेरपीची सत्रं साध्या पॉलिसीत नसतात. कंपनीच्या समूह विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवून मानसिक आजाराची वेगळी मर्यादा, ओपीडी आणि "स्वतःहून केलेली इजा" या तीन ओळी शोधा. ऑफिसात बोभाटा नको असेल तर विमा कार्डावरच्या टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, क्रमांकावर विचारा.

दावा नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे कलम २१(४) चा उल्लेख करून लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. नैराश्याच्या दाव्यासाठी हा रस्ता जरूर चाला. केवळ व्यसनमुक्तीचा खर्च मात्र विम्यातून निघेल या भरवशावर बेत आखू नका.

मिस्टरांना सांगा, गांजा ओढतो असं डॉक्टरला सांगितलं म्हणून पोलीस केस होत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. उद्या मुलगा थोडा माल बाळगताना सापडला, तरी अठराच्या आतलं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ तर स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. तेव्हा रुग्णालयाचे कागद एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा.

राहता राहिला मुलगा. तो "मी वेडा नाही, येणार नाही" म्हणेल. त्याला गांजासाठी नेऊ नका, झोपेसाठी न्या. झोप येत नाही हे त्याला स्वतःलाही खुपत असणार. "एकदा ये, डॉक्टरशी तू एकटा बोल, पटलं नाही तर दुसरा डॉक्टर बघू" एवढंच कबूल करा आणि पाळा. तरीही आला नाही तर तुम्ही दोघं त्याच्याशिवाय जा. डॉक्टर पालकांना भेटतात, घरी काय बोलायचं, पैसे कसे द्यायचे, कोणत्या भांडणातून माघार घ्यायची हे सांगतात, आणि आई-वडील दोन-तीनदा जाऊन आलेले पाहून पुष्कळ मुलं पुढच्या वेळी चप्पल घालतात. मात्र हातावर नवी खूण दिसली, तर त्याच्या होकारासाठी थांबायचं नाही.